परकीय आडनांवांचा पाहुणचार

गेल्या सहामाही परीक्षेंत इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत ‘तुमचा आवडता ग्रंथकार’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. वर्गांतील पुष्कळ मुलांनीं हॅन्स ख्रिश्चन अँडरसेन या डॅनिश कथाकाराची निवड केली, आणि हें योग्यच झालें. परंतु उत्तरपत्रिका तपासतांना एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. निम्म्या मुलांनीं त्या आडनांवाचा शेवट ‘सेन’ असा न करतां ‘सन’ असा केला होता. कांहींनीं ‘अँडरसेनच्या गोष्टी’ असें इंग्रजींत लिहितांना षष्ठीची खूण जी अक्षराच्या डोक्यावरील लहानशी शेपटी, तीच गाळली होती. एकानें तर ‘अँडरसेन मंडळी गरीब होती’ असें लिहितांना, जेथें ती शेपटी मुळींच नको, तेथें ती मोठ्या औदार्यानें बहाल केली होती. आम्ही गुण कापले. त्यावर एक चुणचुणीत विद्यार्थी उठून म्हणाला, “गुरुजी, तो मनुष्य तर केव्हांच वारला. एका अक्षरानें त्याचें काय बिघडणार?”

वर्ग हसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हसलों. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. परक्या माणसाचें नांव आपल्या वाक्यांत आलें म्हणजे त्यावर सत्ता कोणाची, त्या माणसाची कीं आपल्या भाषेची? त्या दिवशीं तास संपला आणि उत्तर राहून गेलें. तें आज या अंकाच्या निमित्तानें देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या एका अक्षराचीच हकीकत ऐकावी. ‘अँडरसेन’ याचा अर्थ आंडर्सचा मुलगा. डेन्मार्क व नॉर्वे येथें ‘मुलगा’ या अर्थाचा हा प्रत्यय ‘सेन’ असा लिहितात. स्वीडनमध्यें तो ‘सन’ असा होतो, व पुष्कळदां त्याच्यापूर्वीं ‘स’ हें अक्षर दोनदां येतें, कारण एक ‘स’ षष्ठीचा, आंडर्स-चा, आणि दुसरा ‘सन’ या शब्दाचा. इंग्लंडांत तेंच नांव एका ‘स’नें व ‘सन’ या शेवटानें लिहितात. म्हणजे एकाच नांवाचीं हीं तीन रूपें, आणि तीं तीन देशांचीं. मराठींत आपण सर्वांनाच ‘अँडरसन’ म्हणून मोकळे होतों, आणि तेथेंच चुकीचें बीज पडतें. ज्या विद्यार्थ्यानें ‘सेन’चा ‘सन’ केला, त्यानें ओडेन्स गांवीं १८०५ सालीं एका चांभाराच्या घरीं जन्मलेल्या डॅनिश माणसास नकळत इंग्रज करून टाकलें. एका अक्षरानें त्याचा देश बदलला. एवढें बिघडलें.

या नांवांची मूळ रीत आपल्यास अगदींच अनोळखी नाहीं. पूर्वीं स्कँडिनेव्हियांतील सामान्य लोकांस कायमचें आडनांव नसे. आंडर्सचा मुलगा नील्स, तर तो नील्स आंडर्सेन. त्याचा मुलगा येन्स झाला, तर तो येन्स नील्सेन. पिढी बदलली कीं शेवटचें नांव बदललें. मुलगी असली तर ‘सेन’च्या जागीं ‘मुलगी’ या अर्थाचा ‘डाटर’ हा शब्द येई. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या व त्याच्या आडनांवाच्या मध्यें वडिलांचें नांव येतें, तेंच हें. फरक इतकाच कीं आपण आडनांवहि ठेवलें व बापाचें नांवहि ठेवलें. त्यांनीं बापाच्या नांवावरच काम भागविलें. डेन्मार्कमध्यें सरदारांना कायमचीं नांवें घेण्याची आज्ञा १५२६ सालीं झाली, व सामान्य जनांसाठीं कायदा आला तो १८२८ सालीं. स्वीडनमध्यें १९०१ सालीं व नॉर्वेमध्यें १९२३ सालीं तसेच नियम झाले. ज्या पिढीवर कायदा येऊन पडला त्या पिढीचें नांव तेथेंच गोठलें. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली: मुलीसुद्धां ‘सेन’ झाल्या. आज ‘अमुक हान्सेन’ नांवाची बाई ही हान्सचा मुलगा नव्हे हें सांगावयास नको, पण तिचें नांव तसें सांगतें खरें!

आइसलंड या बेटानें मात्र जुनी रीत सोडली नाहीं. तेथें १९२५ च्या कायद्यानें नवीं कुळनांवें घेण्यासच बंदी घातली. आजहि बहुतेक लोकांचें दुसरें नांव बापावरून किंवा आईवरून पडतें, व टेलिफोनच्या यादींतसुद्धां लोकांचीं नांवें पहिल्या नांवाच्या क्रमानेंच लावीत असत. १९८० सालीं लोकांच्या मतांनीं निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झालेली जगांतील पहिली स्त्री विग्दिस फिन्बोगाडोट्टिर ही आइसलंडचीच. तिच्या पित्याचें नांव फिन्बोगी. ‘फिन्बोगा’ ही त्याची षष्ठी. ‘डोट्टिर’ म्हणजे मुलगी. अशा बाईस केवळ ‘डोट्टिरबाई’ म्हणणें म्हणजे कोणास ‘मुलगीबाई’ म्हणण्यासारखें आहे. तिला विग्दिस या नांवानेंच संबोधावें, तोच तेथला शिष्टाचार.

सर्वच आडनांवें बापावरून आलेलीं नाहींत. नॉर्वेमध्यें पुष्कळांनीं आपल्या शेतवाडीचें नांव घेतलें: ‘बाके’ म्हणजे उतार, ‘हाउगेन’ म्हणजे टेकाड, ‘दाल’ म्हणजे दरी. मुलांचा आवडता लेखक रोआल्ड डाल याचे आईबाप नॉर्वेचेच, आणि त्याचें आडनांव हीच ती दरी. आपल्याकडे गांवाच्या नांवास ‘कर’ लावून आडनांव होतें, त्याचीं हीं सख्खीं भावंडें. ज्याच्या पारितोषिकाचा सगळ्या जगांत गाजावाजा आहे त्या आल्फ्रेड नोबेलचें नांवहि दक्षिण स्वीडनमधील नोब्बेलोव्ह या गांवापर्यंत पोंचतें. त्या गांवावरून एका पूर्वजानें लॅटिन थाटाचें ‘नोबेलियस’ हें नांव घेतलें, व पुढें त्याची शेपटी गळून ‘नोबेल’ राहिलें. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्या बापाचें नांव नील्स इंगेमार्सन. विद्यापीठांत जावयाचें तर आडनांव हवें, म्हणून त्यानें आपल्या घराजवळच्या लिंडन वृक्षावरून ‘लिनियस’ हें नांव बनविलें. पुत्रास उमरावकी मिळाल्यावर तो ‘फॉन लिने’ झाला. लिंडग्रेन या नांवांत तोच वृक्ष व त्याची फांदी आहे. हामरशोल्ड या सरदारी नांवांत हातोडा व ढाल आहे. अशीं हीं नांवें म्हणजे त्या देशाचीं शेतें, झाडें, बापमुलें आणि ढालीतलवारी. तीं सीमा ओलांडून परक्या भाषेंत शिरतात तेव्हां काय होतें, तें आतां पाहूं.

प्रथम इंग्रजीकडे वळूं. इंग्रज हा पाहुण्याच्या बाबतींत अलिप्त यजमान आहे. तो पाहुण्यास आंत घेतो, खुर्ची देतो, व त्याच्या अंगावरील वस्त्रांस हात लावीत नाहीं. कर्ता असो, कर्म असो, नांव जसेंच्या तसें. षष्ठी हवी तर एक शेपटी व एक ‘स’; अनेकवचन हवें तर शेपटीवांचून नुसता ‘स’. आमच्या विद्यार्थ्यांची गल्लत येथेंच होते, आणि त्यांत आणखी भर अशी कीं डॅनिश, नॉर्वेजियन व स्वीडिश भाषांत षष्ठीला ‘स’ लागतो पण शेपटी लागत नाहीं. म्हणून ‘अँडरसेन्स’ हीं अक्षरें डॅनिश पुस्तकावर दिसलीं तर अर्थ ‘अँडरसेनचा’, आणि इंग्रजी पुस्तकांत दिसलीं तर अर्थ ‘अँडरसेन मंडळी’. तींच अक्षरें, तोच क्रम, अर्थ मात्र निराळा. हा भेद ज्यानें ध्यानांत ठेवला त्यास एका शेपटीची किंमत आम्हीं सांगावयास नको.

परंतु इंग्रजीची अलिप्तता वाटते तितकी निर्दोष नाहीं. ती वस्त्रांस हात लावीत नाहीं, पण अलंकार मात्र दाराशींच काढून ठेवावयास लावते. स्वीडिश ‘ओ’वरील दोन टिंबें, डॅनिश ‘ओ’वरील तिरपी रेघ, ‘अ’वरील वाटोळें कडें, हीं सर्व इंग्रजी छापखान्यांत पुष्कळदां गळून पडतात. प्रकाशाची लांबी मोजण्याचें जें माप आमचीं मुलें ‘अँगस्ट्रॉम’ म्हणून पाठ करतात, तें आंडर्स योनास ऑङस्त्रोम या स्वीडिश शास्त्रज्ञाचें नांव आहे. त्यांतील पहिल्या अक्षरावर कडें आहे व त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या ‘ऑ’सारखा. देवनागरींत तें अक्षर तयार असतां आपण तें इंग्रजीच्या वाटेनें बिघडवून घेतलें, हें नवलच नव्हे काय? दुसरें उदाहरण संयुक्त राष्ट्रसंघाचा पहिला मुख्य चिटणीस, नॉर्वेचा ट्रिग्वे ली. १९४६ पासून १९५२ पर्यंत तो त्या पदावर होता. त्याच्या नांवाचा अर्थ ‘डोंगराचा उतार’ असा साधा व सुंदर; पण त्याचीं अक्षरें इंग्रजीच्या दृष्टीनें ‘लाय’, म्हणजे ‘असत्य’! इंग्रजी वाक्यांत त्या सज्जनाचा मान एका मोठ्या लिपीच्या अक्षरानें राखला जातो. आणि वाक्याच्या आरंभीं तर तीहि सोय नाहीं, कारण तेथें प्रत्येकच शब्द मोठ्या अक्षराचा असतो.

आतां चेक भाषेच्या घरीं जाऊं. प्राग शहराची ही भाषा स्कँडिनेव्हियाच्या नांवांस जुनी परिचित आहे. तीहो ब्राहे हा डॅनिश ज्योतिषी १५९९ सालीं सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयास बोहेमियांत आला, १६०१ सालीं प्रागमध्यें वारला, आणि तेथील टीन चर्चमध्यें त्याची समाधि आहे. डॅनिश भाषेंत तो ट्यूगे ओट्टेसेन ब्राहे, म्हणजे ओट्टेचा मुलगा; लॅटिनमध्यें तो तीहो झाला; आणि मग ते लॅटिन नांवहि चेक प्रत्यय अंगावर घेऊन चालूं लागलें.

चेक यजमान हा इंग्रजाच्या अगदीं उलट. तो पाहुण्यास म्हणतो, “या, बसा, पण आमच्या घरीं आमचा पोशाख घालावा लागेल.” त्या भाषेंत सात विभक्ति आहेत आणि नांव परकें म्हणून त्यास सूट नाहीं. कर्ता असतां ‘अँडरसेन’, षष्ठी व द्वितीया असतां ‘अँडरसेना’, चतुर्थीस ‘अँडरसेनोवी’, तृतीयेस ‘अँडरसेनेम’, आणि हांक मारावयाची तर ‘अँडरसेने’! लिनेची षष्ठी ‘लिनेहो’. सेल्सियसच्या शेपटीचें ‘उस’ जातें व ‘सेल्सिया’ होतें, कारण तें लॅटिन शेपूट आहे हें चेक वैयाकरण विसरलेला नाहीं. नोबेल पारितोषिक ‘नोबेलोवा त्सेना’ होतें, व सोफुस ली या नॉर्वेजियन गणित्याचें बीजगणित ‘लीओवा आल्गेब्रा’ होतें. अँडरसेन कुटुंबास ‘अँडरसेनोवी’ हें एकच रूप पुरतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, ही तर नांवाची विटंबना. आम्ही तसें म्हणत नाहीं. इंग्रजींत कोणी कोणास मारलें हें शब्दांच्या क्रमावरून कळतें. क्रम बदलला तर मार खाणाराहि बदलतो. चेक भाषेंत, आपल्या मराठीप्रमाणेंच, क्रम मोकळा असून अर्थ प्रत्ययांनीं बांधलेला असतो. ‘रामानें रावणास मारलें’ म्हणा, कीं ‘रावणास रामानें मारलें’ म्हणा, रामायण तेंच राहतें. अशा भाषेंत नांवास प्रत्यय न लावणें म्हणजे गाडीस चाक न लावणें. म्हणून प्रत्यय ही विटंबना नव्हे, ती वाक्यांत बसण्याची जागा आहे.

खरा कठीण प्रश्न स्त्रियांच्या नांवांचा आहे, आणि तेथें आम्ही वाचकांस थोडा वेळ थांबवूं इच्छितों. चेक स्त्रीच्या आडनांवास ‘ओवा’ हा शेवट लागतो, आणि परदेशी स्त्रीसहि तो लावण्याची त्यांची पूर्वापार चाल आहे. १९०९ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री सेल्मा लागरलोफ ही प्रागच्या ग्रंथालयांत लागरलोफोवा आहे. १९२८ सालीं तोच मान मिळविणारी नॉर्वेची सिग्रिड उंडसेत ही उंडसेतोवा, आणि बालकांची लाडकी आस्ट्रिड लिंडग्रेन ही लिंडग्रेनोवा. कारण असें कीं चेक विभक्ति लिंगाप्रमाणें बदलतात, आणि व्यंजनांत संपणाऱ्या स्त्रीच्या आडनांवास लावावयास प्रत्ययच नाहींत. ‘लिंडग्रेन पोत्काला उंडसेत’ एवढेंच लिहिलें तर एक दुसरीस भेटली इतकें कळतें, पण कोण कोणास, हें नांवांवरून कळत नाहीं. ‘लिंडग्रेनोवा पोत्काला उंडसेतोवोउ’ लिहिलें कीं पहिली कर्त्री व दुसरी कर्म हें शेंडेफळ विद्यार्थ्यासहि समजतें, आणि शब्द उलटे ठेवले तरी अर्थ ढळत नाहीं.

तथापि दुसरी बाजूहि तितकीच वजनदार आहे. ‘ओवा’ हा शेवट मूळच्या स्वामित्वदर्शक प्रत्ययापासून निघालेला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘अमक्याची’. जी स्त्री कोणाचीहि म्हणून नव्हे तर स्वतःच्या लेखणीनें प्रसिद्ध झाली, तिच्या नांवास ‘अमक्याची’ असें शेपूट कां? आणि स्कँडिनेव्हियन नांवांत तर गंमत आणखीच वाढते. ‘हान्सेन’ ही बाई आधींच ‘हान्सचा मुलगा’. तीस ‘ओवा’ लावला कीं ती ‘हान्सच्या मुलाची’ होते. आइसलंडच्या बाईच्या नांवांत तर ‘मुलगी’ हा शब्द मुळांतच आहे; तेथें ‘ओवा’ लावल्यास स्त्रीत्वावर स्त्रीत्वाचें दुसरें वेष्टण चढतें. उलट चेक भाषेचे अभिमानी म्हणतात कीं तो मूळ अर्थ आतां कोणाच्या मनांतहि येत नाहीं, आतां ती केवळ स्त्रीनामाची खूण आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा वाद पुष्कळ वर्षें चालला. चेक देशांतील स्त्रियांस ‘ओवा’ न लावतां आडनांव घ्यावयाचें तर पूर्वीं परदेशीय पति, परदेशवास, परकीय राष्ट्रीयत्व अशा ठराविक कारणांपैकीं एक दाखवावें लागे. १ जानेवारी २०२२ पासून तसें कारण दाखविण्याची गरज राहिलेली नाहीं. स्त्रीनें आपण होऊन निवडावें, इतकेंच. आमच्या मतें ही निवड ज्याची त्याच्या हातीं देणें हाच या वादाचा शहाणपणाचा शेवट होय.

इंग्रजींतून चेकमध्यें भाषांतर करणाऱ्यास यांत आणखी एक धडा मिळतो. ‘उंडसेत यांस १९२८ सालीं पारितोषिक मिळालें’ हें इंग्रजी वाक्य आडनांवाच्या धन्याचें लिंग सांगत नाहीं. चेक भाषांतरकारास मात्र तें कळल्यावांचून आडनांव लिहितांच येत नाहीं. त्यास कोश बाजूस ठेवून आधीं विचारावें लागतें कीं हा मनुष्य कोण, पुरुष कीं स्त्री, कोठचा, कोणत्या कुळाचा? मराठी भाषांतरकार ‘यांस’ म्हणून एक वाक्य निभावून नेईल. पण पुढच्याच वाक्यांत ‘म्हणाले’ कीं ‘म्हणाल्या’ हें ठरवावेंच लागेल. कित्येक मराठी लेखांत परदेशी विदुषींस बिनदिक्कत ‘म्हणाले’ करून टाकलेलें आम्हीं वाचलें आहे. ती व्याकरणाची चूक नव्हे. ती चौकशी न करण्याची चूक आहे.

आमच्या मराठीनें या पाहुण्यांस कसें वागविलें? एक तिसरीच वाट आपल्या रंगभूमीनें काढली. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें रंगभूमीवर आणलेलें वर्तकांचें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक नॉर्वेच्या ब्योर्नसनच्या नाटकावरून बेतलेलें. १९४१ चें अनंत काणेकरांचें ‘घरकुल’ हें इब्सेनच्या नाटकावरून. रूपांतर म्हटलें कीं परकीं नांवें जातात व देशी नांवें येतात. पाहुण्याचा पोशाखच नव्हे तर त्याचें नांवहि बदलून त्यास घरचा केला जातो. नाटकांत तें शोभतें, कारण तेथें प्रेक्षकास आपलेंच घर दिसावें हा हेतु असतो. इतिहासांत, शास्त्रांत व वर्तमानपत्रांत मात्र तें शोभणार नाहीं. स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानें ग्रियर्सनच्या भाषा-पाहणींतील मराठीचा खंड सिद्ध केला व तो १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यानें आपल्या कोंकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या बोलींचे नमुने इतक्या काळजीनें लावून ठेविले, त्याचें नांव तरी आपण नीट लिहावें, एवढें ऋण आपल्यावर आहेच.

येथें आमच्या स्वतःच्या घरांतहि एकदां डोकावलें पाहिजे. मराठी ही प्रत्ययांची व सामान्यरूपाची भाषा. ‘गोखले’ यांस प्रत्यय लागतांना ‘गोखल्यांनीं’, ‘रानडे’ यांचें ‘रानड्यांचें’, ‘फुले’ यांचें ‘फुल्यांनीं’ असें आपल्या वडिलांच्या पिढ्यांनीं सहज लिहिलें, आणि त्यांत त्या थोरांचा अवमान झाला असें कोणास वाटलें नाहीं. आतां ‘गोखलेंनीं’, ‘फुलेंचें’ अशीं रूपें सर्रास छापून येतात. नांव बदलतां कामा नये, असें त्यांचें समर्थन. ही समजूत इंग्रजी यजमानाची आहे, मराठी यजमानाची नव्हे. प्रागमधील मनुष्य अँडरसेनचा ‘अँडरसेना’ करतांना कचरत नाहीं. मग आपण आपल्याच गोखल्यांस आपलाच प्रत्यय लावतांना कां कचरावें? उलट स्त्रियांच्या नांवांविषयीं आपण चेक लोकांच्या पुढें गेलों. जोशीण, कुळकर्णीण, पाटलीण हीं रूपें एके काळीं घरोघर होतीं. परंतु तीं सलगीचीं वाटूं लागल्यामुळें सभ्य लेखनांतून आपण तीं सोडलीं, आणि भाषेचें कांहीं अडलें नाहीं. कारण आपला ‘नें’ व ‘ला’ स्त्रीपुरुष पाहून लागत नाहींत. जेथें गरज नव्हती तेथें सोडलें हें ठीक. जेथें गरज आहे तेथें, म्हणजे सामान्यरूपाच्या ठिकाणीं, सोडणें ठीक नव्हे.

एवढ्या विवेचनावरून आमचें मत वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. नांवाचे दोन भाग मानावे: धड आणि शेपूट. धड हें नांवाच्या धन्याचें. त्यांतील ‘सेन’चा ‘सन’ करण्याचा, ‘ली’चा ‘लाय’ करण्याचा, ‘ऑ’चा ‘अँ’ करण्याचा अधिकार कोणत्याहि भाषेस नाहीं. उच्चार साधेल तितका साधावा, आणि न साधला तर तो आळसानें तरी न साधलेला नसावा. शेपूट हें यजमान भाषेचें. इंग्रजानें आपली षष्ठीची खूण लावावी, चेकानें आपल्या सातहि विभक्ति लावाव्या, मराठीनें आपलें सामान्यरूप करावें. पाहुण्यानें त्याचा राग मानूं नये. आणि जेथें शेपूट केवळ वाक्यांतील जागा न सांगतां त्या व्यक्तीविषयींच कांहीं सांगूं लागतें, जसें ‘ओवा’, तेथें ती व्यक्ति हयात असल्यास तिला विचारावें. जी वारली आहे तिच्याविषयीं, ज्या ग्रंथांनीं ती त्या देशांतील मुलांच्या हातीं पोंचली, त्या ग्रंथांची रूढि मान्य करावी. प्रागच्या मुलास लिंडग्रेनोवाच आपली वाटते. तिला त्याच्यापासून हिरावून घेण्यांत कोणाचें हित?

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठीं? त्यास एक घडलेली गोष्ट सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. आमच्या ओळखीच्या एका मुलीचें आडनांव काळे. एका शाळेंत नांव घालतांना तें इंग्रजी अक्षरांत लिहिलें गेलें. इंग्रजींत ‘ळ’ नाहीं. कांहीं वर्षांनीं दुसऱ्या कोणी तेंच नांव इंग्रजीवरून पुन्हां मराठींत उतरविलें, तें ‘काले’ असें. दाखल्यावर ‘काले’, वडिलांच्या कागदांवर ‘काळे’. शिष्यवृत्तीची वेळ आली तेव्हां बापलेकीचीं आडनांवें जुळेनात. बापानें अर्ज केले, शपथपत्र केलें, खेटे घातले. तोंपर्यंत मुदत टळून गेली. लिहिणाराच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. त्यालाहि वाटलें असेल, एका अक्षरानें काय बिघडणार?

म्हणून त्या चुणचुणीत विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें. अँडरसेन वारला हें खरें, आणि एका अक्षराबद्दल तो तुझ्याशीं भांडावयास येणार नाहीं हेंहि खरें. परंतु जो आपल्याशीं भांडूं शकत नाहीं त्याचेंच नांव अधिक जपून लिहावें. तूं त्याचें ‘सेन’ नीट लिहिण्याची संवय हातास लावलीस, तर उद्यां एखाद्या कचेरींत बसून तुला शेंकडों अनोळखी लोकांचीं नांवें लिहावीं लागतील, तेव्हां एखाद्या ‘काळे’चें ‘काले’ तुझ्या हातून होणार नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां मुलांच्या नांवाची नोंद इंग्रजी व मराठी अशा दोन्ही लिपींत आपण स्वतः वाचून पहावी, आणि चूक दिसल्यास संकोच न करतां आम्हांस सांगावी. आमच्याहि हातून चुका झाल्या असतील. त्या दुरुस्त करण्यांत आम्हांस कमीपणा वाटणार नाहीं. आणि त्या मुलाचे कापलेले गुण? ते आम्ही परत दिलेले नाहींत. पुढच्या परीक्षेंत तो ते आपले आपण मिळवील, अशी आमची खात्री आहे.